पुष्कराजाचा चोर

“माझा पुष्कराज बदललास तू!” राजा वीरभान कडाडला. “पिकल्या आंब्यासारखा पिवळा होता, आता लिंबाच्या सरबतासारखा फिका पडलाय! खरा खडा कुठे दडवलास?”

जवाहीरखाना सांभाळणारा बापू हात जोडून म्हणाला, “देवाशपथ सरकार, खडा तोच आहे!” पण राजाचं डोकं एकदा फिरलं की फिरलं! बापूची रवानगी थेट कोठडीत झाली.

दुसऱ्या दिवशी बापूची बायको ठकू दरबारात हजर. नवरा कोठडीत असला, तरी तिची जीभ शाबूत होती.

“खडा खराच आहे, सरकार. सिद्ध करून दाखवते!”

राजाला चेव आला. त्यानं तबकात तो खडा आणि तशाच चार पिवळ्या काचा मिसळल्या. “ओळख! पण डोळे बांधून आणि हात न लावता! चुकलीस तर नवरा जन्मभर आत!”

हे कसं जमायचं? ठकूनं मात्र पदर खोचला.

“कबूल! फक्त दिवाणजींनी एकेक खडा सरकारांच्या मानेवर ठेवावा. सरकारांनीही डोळे मिटावेत.”

“माझ्या मानेवर कशाला?”

“सरकार दुसऱ्या कुणाचं ऐकतात का?”

दिवाणजींनी मिशीतल्या मिशीत हसत पहिला खडा ठेवला.

“हं, पुढचा,” राजा म्हणाला. दुसऱ्यालाही तेच. तिसरा टेकला मात्र, राजा ताडकन उडाला. “अगं आई गं! केवढा गार!”

“तोच पुष्कराज, सरकार!” डोळे बांधलेली ठकू ओरडली. “काच अंगाला लागली की लगेच ऊब धरते. हा आपला गारच!”

दिवाणजींनी पाहिलं. खडा तोच होता! राजाची मान खाली गेली, पण हट्ट जाईना.

“मग ह्याचा रंग कुणी चोरला? चोर दाखव, तरच बापू सुटेल!”

“सरकार हा खडा ठेवतात कुठे?” डोळ्यांवरची पट्टी सोडत ठकूनं विचारलं.

“खिडकीत! सकाळी उठल्याबरोबर दिसावा म्हणून!”

“मग चोर रोज सरकारांच्या देखत खिडकीतून येतो,” ठकूनं आभाळाकडे बोट केलं. “उन्हानं पुष्कराज विटतो, सरकार. घाला त्या सूर्याला बेड्या!”

राजानं एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा खड्याकडे. मग असा खदखदून हसला, की मुकुट घरंगळून दिवाणजींच्या पायांवर पडला.

“बापूला सोडा! ठकूला पैठणी द्या!” डोळे पुसत तो म्हणाला. “आणि माझ्या खिडकीला आजच्या आज जाड पडदा लावा. हा चोर काही आपल्याच्यानं धरवणार नाही!”