नवख्यांसाठी अ‍ॅप

नंदुरबारच्या हेमांगी गावितला प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीने अनुभव नाही म्हणून परत पाठवलं होतं. पुण्यातल्या एका कंपनीचे मालक धारप साहेब यांनीही तिचा अर्ज बाजूला सरकवला.

"आमचं अ‍ॅप अगदी नवखा माणूससुद्धा झटक्यात चालवतो! असलं अ‍ॅप मुरलेलेच बनवतात. इथे एकही नवखा सापडणार नाही."

"मग सर, नवख्याला ते जमतं की नाही, हे तपासलं कोणी?"

साहेबांनी तोऱ्यात आपला फोन पुढे केला. "घे, तूच तपास!"

हेमांगी दुसऱ्याच पानावर अडकली. पुढे जायचं बटण काही सापडेना. शेजारच्या इंजिनियरांनी माना खाली घातल्या.

"अडकले, सर," ती हसून म्हणाली. "तुमच्या मुरलेल्यांना हे कधीच जमलं नसतं!"

धारपांनाही हसू आवरेना. "सोमवारपासून ये. अ‍ॅप तपासायचं काम तुझं."