वादळाच्या मध्यावर मिटलेले शास्त्र

एकदा एका तालुक्याच्या गावी आमोस नावाचे एक शिक्षक राहत होते. शाळेत त्यांना मान होता, ख्रिस्ती मंडळीतही होता. त्यांच्या घरची कौटुंबिक उपासना कधी चुकत नाही, असे लोक कौतुकाने सांगत.

ती खरोखरच चुकत नसे. रोज सायंकाळी सातच्या ठोक्याला पत्नी सरोजिनी, चौदा वर्षांचा आशेर आणि नऊ वर्षांची सलोमी चटईवर बसत. आमोस खुर्चीत बसून पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचत आणि मग प्रश्न विचारत. वचन कितवे, कोण कोणास म्हणाले, कोणत्या गावी. उत्तर चुकले तर ते हात उगारत नसत. नुसते बघत राहत. साडेसहा वाजले की घरातले बोलणे आपोआप थांबे. आशेर पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघे. सलोमी भिंतीकडे तोंड करून वचने पुटपुटत राही. आमोस या शांततेला भक्तिभाव समजत. त्यांच्या वडिलांच्या घरीही अशीच शांतता असे.

एका सायंकाळी सात वाजले आणि सलोमी आली नाही.

प्रथम आमोसांना राग आला. त्यांनी दोन हाका मारल्या. मग सरोजिनी शेजारी जाऊन आली, आशेर मैदानापर्यंत पळत जाऊन आला. मुलगी कुठेच नव्हती. आमोस मागच्या विहिरीत डोकावून पाहू लागले. अंधारत चालले होते आणि पाण्यावर काही दिसत नव्हते. इतक्यात घरातून आशेर ओरडला. माजघरातल्या धान्याच्या रिकाम्या पत्र्याच्या कोठीतून बारीक आवाज येत होता, कोणी नखांनी पत्रा खरवडावा तसा.

सलोमी आत लपली होती आणि झाकणाची कडी बाहेरून पडली होती. आमोसांना ती कडी उघडेना; बोटे कह्यात नव्हती. शेवटी झाकण उघडले तेव्हा सलोमी घामाने चिंब झाली होती, ओठ पांढरे पडले होते. तिने वर पाहिले आणि वडिलांना बघताच म्हणाली, “वचन पाठ आहे, पप्पा.”

ते शब्द ऐकून आमोस मागे सरले. इतका वेळ ते मुलीसाठी घाबरले होते. आता त्यांना स्वतःचेच भय वाटू लागले.

दुसऱ्या दिवशी ते आपल्या गुरुजींकडे गेले. गुरुजी म्हणजे गावातल्या चर्चचे निवृत्त पाळक. लहानपणी रविवारच्या शब्बाथ शाळेत आमोस त्यांच्याच हाताखाली शिकले होते. आमोसांनी झालेले सगळे सांगितले आणि विचारले, उपासना बंद करावी काय? मुले मोठी होऊन शास्त्राकडे पाठ फिरवतील ही धास्ती त्यांना एकीकडे होती आणि कोठीतला तो आवाज दुसरीकडे. गुरुजी म्हणाले, सायंकाळी घरी येतो.

सातला गुरुजी आले. त्यांनी आमोसांना चटईवर मुलांशेजारी बसवले आणि स्वतःही खालीच बसले. खुर्ची रिकामी राहिली. मग त्यांनी आशेरला सरोवरातल्या वादळाची कथा वाचायला सांगितली. आशेर चाचरत वाचू लागला. वारा सुटला, लाटा प्रभूच्या शिष्यांच्या होडीवर आदळू लागल्या, होडी पाण्याने भरत चालली, आणि प्रभू मागच्या बाजूस उशीवर डोके ठेवून झोपी गेला होता. इथे गुरुजींनी हात पुढे करून शास्त्र मिटले.

आमोस चकित झाले. खरा बोध तर पुढेच होता, प्रभू उठून वादळ शांत करतो तिथे. पण गुरुजी मुलांना विचारत होते, तुम्ही त्या होडीत कुठे बसला असता? आशेर म्हणाला, तो पाणी उपसत राहिला असता. सरोजिनी म्हणाली, मुलांना धरून बसली असती. शेवटी सलोमीची पाळी आली.

“मी तळाशी लपले असते,” ती म्हणाली.

“लाटांना भिऊन?” गुरुजींनी विचारले.

तिने मान हलवली: नाही. पण वर पाहिले नाही.

गुरुजी आमोसांकडे वळले. “आणि तू?”

आमोसांना योग्य उत्तर ठाऊक होते. विश्वास धरून शांत राहिलो असतो, असे ते वर्गात शंभरदा बोलले होते. आता मात्र ते शब्द तोंडाशी येऊन थांबले. मुले त्यांच्याकडे पाहत होती.

“मी घाबरलो असतो,” ते म्हणाले. “मी फार घाबरतो. लहानपणी याच वेळेला माझे हातपाय गार पडायचे. वडील पुस्तक उघडायचे ना, तेव्हा. काल मला कडी उघडता येईना.”

 आशेर वडिलांकडे असा पाहत होता, जणू ते नुकतेच घरात आले असावेत.

निघताना गुरुजी दारात थांबले. म्हणाले, “आमोस, वादळ शांत झालं हे तुझ्या मुलांना तोंडपाठ आहे. पण ते शिष्य आधी भ्याले आणि त्यांनी ते बोलून दाखवलं. तू रोज मुलांकडून उत्तरं मागितलीस, भय मात्र दाराबाहेर ठेवायला लावलंस. मग ते बिचारं कोठीत जाऊन बसलं. शास्त्र एकत्र वाचायचं म्हणजे एकाच होडीत बसायचं. काठावर खुर्ची टाकून परीक्षा घेता येते, सोबत करता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी सातला आमोस चटईवर जाऊन बसले. त्यांनी हाक मारली नाही. पाच मिनिटे गेली, दहा गेली. सलोमी येणारच नाही, आता कधीच येणार नाही, असे त्यांना वाटू लागले; तरी ते बसून राहिले.

सलोमी आली. हातभर अंतर ठेवून बसली.

“पप्पा,” तिने हळूच विचारले, “एवढ्या वादळात प्रभूला झोप कशी लागली?”

आमोसांनी बराच विचार केला. “मला माहीत नाही,” ते म्हणाले.

सलोमीने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. मग ती जरा जवळ सरकली आणि शास्त्र आपल्याकडे ओढून पान शोधू लागली.