नेमाशेटचा जामीन

“जामीन आण, नाहीतर पायरी उतर!” पेढीच्या गादीवरून नेमाशेट गरजला.

पायरीवर उभी होती ठमा बुरडीण. करंजगडात तिच्यासारख्या टोपल्या कुणी विणत नव्हतं. राजवाड्याच्या कोठाराला धान्य साठवायला लागणाऱ्या कणग्यांचं काम तिला मिळालं होतं. पण राजवाड्याची रीतच अशी, की मजुरी हातात द्यायची नाही, पेढीवरच्या खात्यात जमा करायची. खातं नाही तर काम नाही! आणि ठमाला खातं कोण देणार? मागे पुरात तिचा सगळा बांबू वाहून गेला आणि उसनवारी वेळेवर फिटली नाही. पुढे तिनं पै न् पै फेडली, पण गेलेली पत काही परत आली नाही. बाजारपेठेची आठवण अशा बाबतीत भारी दांडगी असते.

गावात पेढ्या तीन. पहिला पेढीवाला खातं द्यायला तयार होता, पण दर पौर्णिमेला राखणावळ कापून घेणार होता. “म्हंजे मी ठेवायचं आणि तुमी चाखायचं?” असं म्हणून ठमा निघाली. दुसरा म्हणाला, “पैसे आज ठेव, काढायला मात्र दिवाळीनंतर ये.” “तवर पोरं काय वारा खातील?” असं म्हणून ती तिथूनही निघाली. उरला नेमाशेट. त्याच्याकडे राखणावळ नव्हती, अडवणूकही नव्हती, पण जामिनाशिवाय तो पत गेलेल्याशी बोलतसुद्धा नसे. त्यातून कणग्यांच्या कामावर त्याच्या मेहुण्याचा डोळा!

प्रकरण दरबारात गेलं. महाराज पक्के हट्टी. त्यांना शेटजींचंच पटलं.

“पत गेलेल्याला जामीन हवाच! आणि तोही असा, की जो जन्मात कधी कुणाचं देणं लागला नाही. उद्या घेऊन ये, नाहीतर काम शेटजींच्या मेहुण्याला!”

ठमा घरी आली. हे काम गेलं असतं तर घरची चूल थंडावली असती. दिवसभर बांबू सोलत ती डोकं खाजवत राहिली. सोलता सोलता मधेच थांबली आणि एकटीच खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात आली, ती रिकाम्या हातानं.

“जामीन कुठाय?” महाराजांनी दरडावलं.

“सांगते की, महाराज. आदी शेटजींना इचारू द्या. शेटजी, मी तुमच्याकडं कर्ज मागाया आले हुते का?”

“छे! तुला कर्ज कोण देणार?”

“मग कशाला आले हुते?”

“पैसे ठेवायला.”

“ठेवल्यावर ते पैसे कुणाचे?”

“तुझेच.”

“आन् असतील कुणाकडं?”

“माझ्याकडे.”

“मागितले तर द्यायचे कुणी?”

“मीच देणार की! नेमाशेटनं आजवर कुणाची ठेव बुडवलेली नाही!”

“म्हंजे येणं माझं आणि देणं तुमच्या अंगावर! मग महाराज, जामीन कुणी आणायचा?”

दरबारात खसखस पिकली. पेढीची पायरी चढणारा तो कर्जदारच, असं करंजगडात सगळेच धरून चालत होते, खुद्द शेटजीसुद्धा!

“जास्त नगं, शेटजी, एकच जामीन आणा,” ठमा गोड आवाजात म्हणाली. “जन्मात कधी कुणाचं देणं लागला नाही, असा!”

“असा माणूस जगात असतो का?” शेटजी ओरडले, आणि त्यांनी जीभ चावली.

“माझ्या वक्ताला काल हुता की!”

महाराज पोट धरधरून हसले. “कणग्यांचं काम तुझंच! वर्षाची मजुरीही आगाऊ देतो. बोल, कुठल्या पेढीवर जमा करू?”

“नेमाशेटजींच्याच!”

“अगं, यांनी तर तुला पायरीवरून हाकललं!”

“म्हणून तर, महाराज! ठेवणाऱ्याचं देणं आपल्यावर असतंय, हे यांना भर दरबारात कळलंय. बाकीच्या दोगांना शिकवाया मला आता येळ कुठाय? कणग्या इणायच्या हायेत!”

आता शेटजींनाही हसू आवरेना. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून ठमाला दिलं आणि हुकूम सोडला: शेटजींनी गादीवरून उठायचं, बुरूड आळीत जायचं आणि ठमाचं खातं तिच्या दारात बसून उघडायचं!