वेशीवरचं माप

राजाची नवी सून वेशीबाहेर अडकली! तीही खुद्द राजाच्याच कायद्याने!

शिखरापूरचा राजा दुर्जयसेन हट्टाचा पक्का. त्याने वेशीवरच्या दगडात कोरून घेतलं होतं : 'दक्षिणेकडच्या माणसांपैकी वर्षाला दोघांनाच आत राहायला घ्यावं. हा लेख जो मोडील त्याचं मुंडण करून गाढवावरून धिंड काढावी, मग तो राजा का असेना!' या वर्षीचे दोघे पाडव्यालाच आत गेले होते. आणि आज युवराज दक्षिणेकडची बायको करून वरातीसह वेशीवर हजर!

"युवराजांनी यावं. सूनबाईंच्या आधी यादीत त्र्याऐंशी माणसं आहेत," वेशीचे कारकून शामजीपंत वही मिटत म्हणाले. "बेचाळीस वर्षांनी या."

"तोवर मी बासष्ट वर्षांचा होईन!" युवराज ओरडला आणि बायकोशेजारी रस्त्यातच फतकल मारून बसला.

गृहप्रवेशाचा मुहूर्त दुपारचा. प्रधानांना काही सुचेना. सुनेला सामोऱ्या आलेल्या राजाने एकदा वेशीवरच्या न्हाव्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या शेजारच्या गाढवाकडे पाहिलं, आणि त्याला दरदरून घाम फुटला.

गर्दीत सुताराची लेक भिवरा भाकरीचं गाठोडं घेऊन उभी होती. तिचा नवरा सिदाप्पा दक्षिणेकडचाच. घरजावई व्हायला आला, तो तीन वर्षं वेशीबाहेर चिंचेखालीच! यादीतल्या त्र्याऐंशींत तोही एक. रोज त्याला भाकरी देऊन एकटीने परतताना तिला रडू आवरत नसे.

ती पुढे झाली. "महाराज, सूनबाईंना मी आत आणते. लेखातलं एक अक्षरही न खोडता!"

"आणलीस तर मागशील ते देईन! नाही तर तूही वेशीबाहेर!"

"नवरा बाहेरच आहे, महाराज. ही शिक्षा झाली की बक्षीस?"

राजा तडकला. "मग नवऱ्याचं नावच यादीतून काढून टाकीन!"

पण आता माघार कसली! बापाला हाताशी घेऊन तिने राजवाड्याचा उंबरठा उखडला, थेट वेशीबाहेर आणून टाकला आणि त्यावर तांदळाने भरलेलं माप ठेवलं.

"सूनबाई, उजव्या पायाने लवंडा आणि या घरात!"

माप लवंडलं. सून आत निघाली.

"थांबा! ही दक्षिणेकडची!" पंत धावले.

"पंत, तुमच्या आईसाहेब कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे? आमच्या घरच्या!"

"आणि त्यांचं माहेर?"

"माप ओलांडल्यावर ते कोण विचारतं?"

"तेच तर म्हणतेय मी!"

राजाने सुटकेचा निःश्वास टाकला. "माग, पोरी!"

भिवराने माप पुन्हा भरलं. "सिदाप्पा, ये!"

"पुरुष कधी माप ओलांडतो का?" पंत किंचाळले.

"सासरी नांदायला आलाय ना? मग ओलांडेल!"

तीन वर्षं ताटकळलेला सिदाप्पा! त्याने अशी लाथ हाणली की सगळे तांदूळ पंतांच्या पगडीवर!

राजा पोट धरधरून हसला. "दगड फिरवा रे! पुढच्या बाजूचा लेख मोडायचा नाही, पण पाठ कोरी आहे. लिहा : 'कुठून आलात' हे विचारू नये, 'कोणाकडे आलात' ते विचारावं. चारी वेशींना उंबरठे बसवायचं काम भिवराच्या घराला! पण पोरी, ज्याचं इथे कोणीच नाही, त्याला काय विचारायचं?"

"हाताला काय काम येतं, ते विचारा!" पगडीतले तांदूळ झटकणाऱ्या पंतांकडे पाहत भिवरा म्हणाली, "पंत, तुम्ही आधीच आत आहात ते बरं!"