साळूच्या पुसण्याच्या वशाची कहाणी

आयाबायांनो, हाती अक्षता घ्या, जिवतीमाईचं नाव घ्या. एका वाढत्या घराची गोष्ट सांगते, ती कान देऊन ऐका.

नदीच्या वळणावर एक नगर होतं. नगराला राजा होता, राणी होती. वेशीजवळ कोष्ट्यांची आळी होती. तिथं हैबती कोष्टी राही. त्याची बायको साळू, आई गिरजाबाई. घरात एकच माग. हैबती आणि साळू आळीपाळीनं मागावर बसत, गिरजाबाई सुताच्या कांड्या भरी. लुगडं विकावं, दाणे आणावे, दाणे संपले की पुढचं लुगडं. असं चाललं होतं.

साळूला पुसायची भारी हौस. आकाश निळं का, मुंगी कुठं चालली, कुंभाराचा आवा आतून कसा दिसतो, सगळं तिला हवं. आषाढ लागला नि साळूला दिवस गेले. मग तिनं सासूला पुसलं, "आत्याबाई, बाळ येणार. त्याच्यासाठी काय काय करून ठेवू?"

सासू म्हणाली, "काही नाही. यायच्या आधी काही करायचं नाही. चिंधी शिवायची नाही, पाळण्याचं नाव काढायचं नाही."

"का बरं?"

"का म्हणून पुसू नये." एवढं बोलून सासू उठली नि पाणी भरायला गेली.

साळूला चैन पडेना. नवऱ्याला पुसलं. तो म्हणाला, "मी कधी बाळंतीण झालोय? आईला ठाऊक."

मग श्रावण आला. शुक्रवारी साळू विहिरीवर गेली. तिथं एक म्हातारी बसली होती. कडेवर एक लेकरू, बोटाला एक, पाठीशी एक झोपलेलं. साळू म्हणाली, "आजी, एवढी लेकरं तुम्ही एकट्या कशी सांभाळता?"

म्हातारी हसली. "मला हे कुणी पुसलं नव्हतं. सारे म्हणतात, आम्हाला दे. लेकी, तुझ्याकडे येणाऱ्यासाठी घरात काय आहे?"

"काहीच नाही. काय लागतं तेच ठाऊक नाही."

"मग मी सांगते तो वसा घे. शुक्रवारी डोकीवरून न्हावं. जिच्या घरी पाळणा हलला तिच्या घरी जावं. तिला हळदकुंकू लावावं, जमिनीवर बसावं आणि पुसावं, बाई, तुझं बाळ आलं तेव्हा घरात काय कमी पडलं? ती सांगेल ते ऐकावं. मधे बोलू नये. घरी येऊन तेवढं जमवायला लागावं. एकीनं सांगितलं म्हणजे सगळं कळलं, असं समजू नये. अर्ध्यात सोडू नये."

साळूनं पाणी शेंदलं, वळून पाहिलं, तर म्हातारी नाही, लेकरं नाहीत.

पुढच्या शुक्रवारी साळू ठकू कुंभारणीकडे गेली. हळदकुंकू लावलं, जमिनीवर बसली, पुसलं. ठकूचे हात मातीनं भरलेले. तिनं चाक थांबवलं. मग म्हणाली, "माझ्या माहेरच्यांनी नवी कोरी झबली आणली. कडक कापड, वर कशिदा. बाळाचं अंग सोलवटलं. थंडीचे दिवस, आणि घरात एक मऊ चिंधी नाही. शेवटी नेसूचं लुगडं फाडलं नि त्यात गुंडाळलं."

साळू घरी आली. स्वतःची जुनी लुगडी काढली, धुतली, उन्हात घातली, पुन्हा धुतली. मऊ झाली तशी दुपटी शिवली, टोपरी शिवली. सासूनं पाहिलं. तोंड फिरवलं.

मग साळू बनाबाई तेलिणीकडे गेली. हळदकुंकू लावलं, जमिनीवर बसली, पुसलं. बनाबाई म्हणाली, "बाळाला सगळं होतं गं. मलाच नव्हतं. घाणा मी हाकायची. मी खाटेवर पडले, घाणा थांबला. घाणा थांबला, चूल थांबली. मला पोटभर भाकर मिळेना, तर बाळाला दूध कुठलं? पाचवी पुजायच्या आधी मी घाण्यावर उभी राहिले. अजून कंबर धरते. बाळाचं राहू दे, तू तुझ्या ताटाचं बघ."

साळू विचार करीत घरी आली. तिनं नवऱ्याला पुसलं, "अहो, मी बाळंतीण झाले, तुम्ही माझ्यापाशी थांबलात आणि माग बंद राहिला, तर आपण खायचं काय?"

हैबती मागावर होता, त्यानं हातातला धोटा खाली ठेवला. म्हणाला, "हे माझ्या मनातच आलं नव्हतं."

मग दोघांनी ठरवलं. लुगडं विकलं की आधी त्यातले दाणे रांजणात टाकायचे, उरतील ते खायचे. आधी खायचे नि उरले तर टाकायचे, असं करायचं नाही. चार पैसे गाडग्यात टाकायचे, ते सुइणीचे, डिंकाचे नि अळिवाचे. हैबतीनं तपकीर सोडली. जत्रेत नवं पागोटं घेणार होता, ते राहू दिलं. रांजण हळूहळू भरू लागला.

रांजण भरला तशी साळू गर्वानं फुगली. तिला वाटलं, दुपटी आहेत, दाणे आहेत, गाडगं खुळखुळतंय. आता कुणाच्या दारी कशाला जायचं? एक शुक्रवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मग मागावर सूत तुटू लागलं. जोडावं नि तुटावं, जोडावं नि तुटावं. साळू रडकुंडीला आली. सूत भिजवायला विहिरीवर गेली, तर म्हातारी बसलेली.

"लेकी, वसा कुठवर आला?"

"आजी, ठकूला पुसलं, बनाबाईला पुसलं, घर भरलं. आता कुणी राहिलं नाही."

"राहिलं आहे. तुमच्या दोघींची चूल एक आहे."

साळूला काही कळेना. "आत्याबाई? त्या तर पुसू नको म्हणतात."

म्हातारी म्हणाली, "म्हणून तर तिथं जायचं," आणि दिसेनाशी झाली.

शुक्रवारी साळू न्हाली. सासू परसात कांड्या भरीत होती. साळूनं तिला हळदकुंकू लावलं, समोर जमिनीवर बसली नि हळूच पुसलं, "आत्याबाई, तुमचं बाळ आलं तेव्हा घरात काय कमी पडलं?"

सासू म्हणाली, "हैबतीच्या वेळी काही कमी पडलं नाही."

साळू बसून राहिली. मधे बोलायचं नव्हतं.

सासूचा कांड्या भरायचा रहाट फिरत होता. मग थांबला. ती म्हणाली, "हैबतीच्या आधी एक मुलगी होती. तिच्यासाठी सगळं केलं होतं मी. पाळणा होता, दुपटी होती, वेखंडसुद्धा उगाळून ठेवलं होतं. आणि मागावर एक लुगडं होतं. सकाळी पोटात कळ आली. मी म्हटलं, एवढं पुरं करू, बाळाला उपयोगी पडेल. दुपारी कळ आली. म्हटलं, पदर तेवढा राहिला आहे. कुणाला सांगितलं नाही. लुगडं मागावरून उतरलं, मग सांगितलं. सुईण धावत आली. पण मुलगी रडलीच नाही."

साळूच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी ती बोलली नाही.

"लोक म्हणाले, आधी तयारी केलीस म्हणून दृष्ट लागली. मी ते धरून बसले. दुसरं काय धरायचं होतं? काय कमी पडलं म्हणतेस. तर, ऊठ म्हणणारं माणूस कमी पडलं."

त्या दिवशी सासूनं रहाट पुन्हा हाती घेतला नाही. दोघी परसात बसून राहिल्या. संध्याकाळी सासू आत गेली नि फडताळातून वेखंडाचा खडा काढून साळूच्या दुपट्यांवर ठेवून आली.

मग फाल्गुन लागला. साळूला नववा लागला. माग बंद करायचा, असं ठरलेलं. तोच राजवाड्यातून दासी आली. राणीला दिवस गेले होते, चैत्रात तिची ओटी भरायची होती. हिरवं लुगडं हवं, जरीचे काठ हवेत, पाडव्याला हवं. हैबतीला नाही म्हणवेना. राणीला कुणी नाही म्हणतं का? तो म्हणाला, "एवढंच विणू, मग उठू." दिवस थोडे, काम बारीक. एकट्याच्या हातून होईना, म्हणून साळूही बसू लागली.

असंच एका दुपारी साळू मागावर होती. हैबती शेजारी जरीचे धागे सोडवीत होता. गिरजाबाई कांड्या भरीत होती. तिनं ऐकलं, धोटा थांबला. मग चालला. मग थांबला.

"साळू, दुखतंय का?"

"नाही, आत्याबाई."

धोटा चालला. थांबला. "साळू, दुखतंय का?"

"थोडंसं."

धोटा चालला. थांबला. तिसऱ्यांदा पुसलं, तर उत्तर आलं नाही. गिरजाबाई उठून मागापाशी आली. साळूचे ओठ पांढरे झाले होते, हात धोट्यावर होता.

"ऊठ," सासू म्हणाली.

"पदर तेवढा राहिला आहे."

हैबती म्हणाला, "आई, वीतभरच उरलंय. राणीचं लुगडं आहे."

गिरजाबाईनं कात्री घेतली आणि मागावरचं सूत या काठापासून त्या काठापर्यंत कापून टाकलं. हिरवं कापड सैल होऊन खाली आलं. विणायला काही उरलंच नाही. तिनं साळूला काखेत धरून उठवलं नि लेकाला म्हणाली, "सुईण आण. पळत जा."

सुईण आली. पाणी कढत होतं, शेगडी पेटली होती, मऊ दुपटी हाताशी होती. बाळाच्या मानेला नाळेचा वेढा पडला होता. सुइणीनं बोट घालून तो सोडवला. बाळ निळं होतं, गप्प होतं. गिरजाबाई भिंतीला टेकून उभी राहिली. मग बाळ रडलं. मुलगी होती.

सुईण म्हणाली, "थोडा उशीर झाला असता तर..."

"ते बोलू नका," गिरजाबाई म्हणाली. "दुपटं घ्या, अंग पुसा तिचं."

पाडवा आला. हैबती घाबरला. राणीचं लुगडं कापलं, आता काय होणार? गिरजाबाई म्हणाली, "कापलं मी, तर जाईनही मीच." तिनं लुगडं बोचक्यात बांधलं, राजवाड्यात गेली, राणीपुढं उलगडलं. पदराच्या जागी नुसती सुतं लोंबत होती. दासी म्हणाल्या, हिला शिक्षा करा.

राणी वयानं लहान होती, मोठ्या डोळ्यांची. ती म्हणाली, "थांबा. बाई, का कापलं?"

गिरजाबाईनं सांगितलं. आधी गेलेली आपली मुलगी, मग सून, कळा, वीतभर पदर, नाळेचा वेढा. राणी ऐकत राहिली. मग तिनं दासींना बाहेर जायला सांगितलं.

म्हणाली, "बाई, माझ्याकडे सोन्याचा पाळणा आला आहे, चांदीचं घंगाळ आलं आहे, रेशमाच्या गाद्या आल्या आहेत. पण कळा आल्या की कसं कळतं, हे मला कुणी सांगत नाही. आई लांब आहे. पुसलं तर सगळ्या म्हणतात, राणीसाहेबांनी काळजी करू नये. तुम्ही पहिल्यांदा कळ आली ते कसं ओळखलंत? तुमची पहिली मुलगी कशी होती दिसायला?"

मुलगी कशी होती, हे गिरजाबाईला आजवर कुणी पुसलं नव्हतं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

राणी आसनावरून उतरली, जमिनीवर तिच्यासमोर मांडी घालून बसली. गिरजाबाई सांगू लागली, "तिच्या कपाळावर दाट जावळ होतं..." ताट आलं, निवून गेलं. दासी दोनदा डोकावून परत गेल्या. ऊन अंगणातून कलत कलत भिंतीवर चढलं, तरी राणीचं पुसणं संपेना नि गिरजाबाईचं सांगणं संपेना.

जशी साळूला जिवतीमाई भेटली, तशी तुम्हाआम्हाला भेटो. ज्या घरी बाळ यायचं आहे त्या घरी दाणा असो, ऊब असो, पुसणारं माणूस असो. जिनं गमावलं तिला सांगायला जागा मिळो. ही मोठी कहाणी थोडक्या बोलांत सांगितली. ऐकणारीला फळो, सांगणारीला फळो, इथं पुरी होवो.