लोखंड्याचं आवतण

आटपाट आभाळ होतं. त्या आभाळाला चंद्र दोन. त्या दोन चंद्रांखाली तांबडवाडी होती. तांबडवाडीत रायाजी होता, त्याची बायको ठकूबाई होती, आणि त्यांची एकुलती एक लेक होती, भिवरा.

भिवरा लढणारी. कमरेला विजेची तलवार, अंगात चिलखत. वाडीत तिच्यापुढं उभा राहील असा गडी नव्हता, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वाडीचे आजे-पणजे जुनी धरती सोडून उडत्या जहाजातनं इथं आले होते. ते जहाज वाडीबाहेर मोडून पडलेलं. त्याच्या पोटात दस्तगीर फकीर राहायचा. म्हातारा किती, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

एकदा दिवस कलताना भिवरा त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. पायातले जोडेही काढले नाहीत.

"बाबा, शेवटचा वार शिकवा."

"कुणावर करायचाय?"

"लोखंड्यावर. दुसरं आहे कोण?"

लोखंड्या म्हणजे लोखंडाचा बैल. देवळाच्या कळसाएवढा उंच. आजे-पणज्यांनी जहाजातनं आणलेला. इथली पहिली जमीन त्यानंच नांगरली. मग एका साली बिथरला, नांगर मोडून टाकला, आणि तेव्हापासून पेरणी जवळ आली की शेतं तुडवायला लागला. यंदा तर रायाजीच्या रानातच ठाण मांडून उभा होता.

त्याची एक खोड होती. अंगावर जो वार येईल तो शिकायचा. आणि शिकला की शिंगानं परत करायचा, तसाच्या तसा. रायाजीचा उलटा वार पंचक्रोशीत नावाजलेला. रायाजीनं तो केला, लोखंड्यानं फेडला. त्यात रायाजीचा उजवा हात गेला.

"बाप उद्या सकाळी पुन्हा निघालाय," भिवरा म्हणाली. "डाव्या हातानं. म्हणतो, रान पेरलं नाही तर खायचं काय? ...परत यायचा नाही तो, बाबा. म्हणून आज मी जाणार. तुम्ही एवढंच करा. त्याला शिकता येणार नाही असा एक वार द्या."

"तसा वार नसतो."

"मग तुम्ही गुरू कसले?"

"ते तुझ्या आईला विचार. रोज भाकरी पाठवते. काहीतरी बघूनच पाठवत असेल."

"थट्टा नको. वेळ नाही मला."

"बस."

"बसायला नाही आले."

"मग उभी राहा. चिलखताची वादी जरा सैल कर."

"...का?"

भिवरानं कुरकुरत वादी सैल केली.

"कधी काढतेस हे?"

"काढत नाही. बापाचा हात गेला, त्या दिवसापासून अंगातच आहे."

"झोपताना?"

"झोपतानासुद्धा." मान ताठ करून म्हणाली.

फकिरानं वादी उचलली. खाली खांदा काळा पडलेला, मधोमध सोललेला.

चुलीत निखारे होते. त्यावर त्यानं वाटीभर तेल ठेवलं. कोमट झालं तसं हातावर घेतलं आणि तिचा खांदा चोळायला लागला.

"मी वार शिकायला आलेय. खांदा चोळून घ्यायला नाही."

"हं."

"हात काढा."

"काढतो."

त्यानं काढला नाही. तीही बाजूला झाली नाही.

...

तलवारीवरची तिची मूठ सुटली. डोळे मिटले.

"पोरी, आपल्याकडं पोळा कधी असतो गं?"

"पोळा?" डोळे मिटूनच ती म्हणाली, "तो आईच्या गोष्टींत. आदल्या सांजेला तेल-हळद लावून बैलांचे खांदे मळायचे, म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी जू नाही, नांगर नाही. नुसतं पुरणपोळी खायची नि मिरवायचं."

"मग आपल्याकडं का नाही?"

"पोळा अमावास्येचा. आपल्याकडं अमावास्या कुठली? एक चंद्र मावळला की दुसरा हजर. आजे-पणजे वाट बघून बघून थकले. अमावास्या नाही, तर पोळाही नाही."

"खरंय. ...आणि त्याला कुणी सांगितलं?"

"कुणाला?"

फकीर खांदा चोळत राहिला.

भिवरानं डोळे उघडले. जहाजाच्या फुटक्या भिंतीतनं समोर तिचं रान दिसत होतं. रानात लोखंड्या उभा. त्याच्या मानेवर जू होतं, आजे-पणज्यांनी पहिल्या नांगरणीला साखळीनं आवळलेलं. साखळीखालनं गंजाचा ओघळ पार खुरापर्यंत आलेला.

ते जू ती रोज बघत होती. वार कुठं अडेल, एवढंच हिशेबात धरून बघत होती.

ती मागं वळली. जोडे काढले, फकिराच्या पायांना हात लावला, तेलाची वाटी उचलली. कमरेची तलवार सोडून कोपऱ्यात ठेवायला लागली.

"ती कुठं ठेवतेस?"

"आता काय कामाची?"

"घेऊन जा. लागेल."

वाटेत ती घरी डोकावली. आईच्या कानात काहीतरी बोलली, हळदीची चिमूट घेतली आणि निघाली.

रानात पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. लोखंड्यानं शिंगं खाली घेतली, खुरानं माती उकरली. भिवरा चालत राहिली.

"हो... हो रे... हो..."

वासराला चुचकारावं तसं. शिंगं थबकली. ती त्याच्या पुढच्या पायावर चढली, मानेशी गेली, तेलात हळद कालवली आणि खांदा मळायला लागली. लोखंड कुरकुरलं. मग कुरकुर थांबली.

गंजलेली साखळी मात्र सुटेना.

भिवरानं तलवार उपसली. लोखंड्याचे डोळे लाल झाले.

"थांब रे," ती म्हणाली. "तुला नाही."

तिनं पातं साखळी आणि खांद्याच्या मधनं आत सरकवलं, धार बाहेरच्या अंगाला, आणि वर ओढलं. केसभर चुकतं तर मान कापली असती. पण ती भिवरा होती. तिचा हात कधी चुकत नसे.

साखळी तुटली. जू खाली आदळलं. वाडीतली भांडी वाजली.

भिवरानं खाली उडी मारली. लोखंड्या मान हलवून हलवून बघत होता. मग स्तब्ध झाला.

वार शिकला होता तो.

शिंग आलं. मागं सरायलाही सवड मिळाली नाही. शिंगाचं टोक चिलखताच्या वादीखाली शिरलं, वादी आणि कातडीच्या मधनं, धार बाहेरच्या अंगाला, आणि वर गेलं.

चिलखत खणकन जमिनीवर पडलं. खांद्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

...

"आज आवतण घ्या," भिवरा म्हणाली. "उद्या जेवायला या."

सकाळी रायाजी डाव्या हातात तलवार घेऊन दार उघडतो, तर दारातच लोखंड्या. शेजारी लेक.

"अगं, चिलखत कुठंय तुझं?"

"यानं काढलं."

"आणि याचं जू?"

"मी काढलं."

आतनं ठकूबाई आली ती ताट घेऊनच. रात्रीच पुरण शिजवलं होतं तिनं, नवऱ्याला ताकास तूर लागू दिली नव्हती.

"पाहुणा दारात उभा, आणि तुमचं काय चाललंय? ती तलवार ठेवा आधी खाली. रांगोळी पुसतेय."

लोखंडाच्या तोंडानं पुरणपोळी खाल्ली का, असं पोरं विचारतात. ताटात उरली नाही, हे साऱ्या वाडीनं पाहिलं.

त्या दिवशी त्याला कुणी कामाला लावलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आपल्या पायानं आला आणि मोडक्या नांगरापुढं मान वाकवून उभा राहिला. नांगर सांधला, रान नांगरलं. रायाजीनं डाव्या हातानं बियाण्याची मूठ सोडली, आणि पीक असं आलं की आत शिरलेला माणूस दिसेना. कणग्या भरल्या. भिवरानं नवं चिलखत घडवून घेतलं, बंद मात्र सुटते ठेवले. फकिराच्या भाकरीवर लोण्याचा गोळा दिसायला लागला. रायाजीच्या घराला जसे दिवस आले, तसे ऐकणाऱ्याच्या घराला येवोत.

मळणी झाल्यावर पाटील फकिराकडं आला. मागनं सारी वाडी.

"बाबा, पोळा आता दरसाल करायचा, असं ठरलंय. पण तिथी कुठली धरावी? आपल्या आभाळाला अमावास्याच नाही."

सगळ्यांनी वर बघितलं. एक चंद्र मावळत होता, दुसरा उगवत होता.

फकिरानं वर बघितलंच नाही.

"खांदे बघत जा," तो म्हणाला.