कुणी हात लावायचा नाही

एक होता धान्याचा व्यापारी. पासष्टीचा, सधन, गावात शब्दाला मान असलेला. एकदा तो स्वतःच्याच न्हाणीघरात घसरून पडला. हाड मोडले नाही, डोके फुटले नाही. पण उठता येईना. धरायला काही नव्हते, गुडघे ऐकत नव्हते आणि हाका मारायची लाज वाटत होती. शेवटी मुलांनी दार फोडून त्याला उचलले, तेव्हा अंगावरचे पाणीसुद्धा वाळून गेले होते.

त्यानंतर मुलांनी जे केले ते प्रेमापोटी केले, आणि म्हणूनच त्याचा अधिक संताप यावा. थोरल्याने दार दुरुस्त करून घेतले, पण आतली कडी काढून टाकली. धाकट्याने वडिलांचे पेढीवर जाणे बंद केले. एक गडी दिमतीला दिला. शेटजी जरा हलले की तो लगेच बगलेत हात घालायचा. आपल्याकडे माणूस उताराला लागला की त्याच्या हातातली पिशवी काढून घेतात, त्याला खुर्चीत बसवतात आणि यालाच संस्कार म्हणतात. मग बसून बसून तो खरोखरच लुळा पडला की सगळे मिळून सुस्कारा टाकतात, वयच झालं आता.

व्यापारी आतल्या आत धुमसत राहिला. कडी नसलेल्या दाराआड अंघोळ करणे त्याला मरणाहून वाईट वाटे. अखेर एका सकाळी गड्याचा हात झिडकारून तो गावच्या तालमीत गेला. तिथले वस्ताद ऐंशीचे. तरुणपणी याने त्यांच्याच हाताखाली अंगाला माती लावली होती. त्याने सगळी हकिगत सांगितली आणि वयाला झेपेल असा काही हलका व्यायाम मागितला. वस्तादांनी त्याला सदरा काढायला लावला, कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीत बसवले आणि म्हणाले, “आता ऊठ.”

एवढेच. रोज बसायचे आणि उठायचे. आधी ओंडक्याला धरून, मग एका गुडघ्यावर जोर देऊन, पुढे पुढे आडवे पडून, कुशीवर वळून. किती खातो, किती झोपतो, हे वस्ताद खोदून खोदून विचारत, आणि दमलेला दिसला की सरळ घरी पिटाळत. शेजारी तरुण पैलवान एकमेकांना भिडत होते आणि हा पासष्टीचा गृहस्थ उभे राहायला शिकत होता. त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपण व्यायाम मागितला आणि या माणसाने आपले पोर करून टाकले, असे तो मनाशी बडबडत घरी जायचा. तरी येत राहिला, कारण घरी ते दार होते.

काही महिन्यांनी दोन्ही मुलगे त्याला न्यायला तालमीत आले. लोक हसतात, म्हणाले. या वयात वडिलांना मातीत लोळवता, उद्या काही झाले तर जबाबदार कोण, असे थोरल्याने वस्तादांना विचारले. व्यापारी मुलाला उत्तर द्यायला पुढे झाला. त्याच क्षणी वस्तादांनी त्याच्या मानेमागे हात घातला, पायात पाय अडकवला आणि सर्वांदेखत त्याला मातीत आडवे केले.

मुलगे धावले. वस्ताद मध्ये उभे राहिले.

“कुणी हात लावायचा न्हाई.”

व्यापाऱ्याच्या डोळ्यांत रक्त उतरले. ज्याच्यावर विश्वास टाकला त्यानेच पाडावे, आणि तेही पोटच्या पोरांसमोर. तोंडाला येईल ते बोलत तो कुशीवर वळला, कोपर रोवले, गुडघा घेतला, उभा राहिला आणि हात उगारून वस्तादांवर गेला. “म्हाताऱ्या, पोरांपुढं माझी अब्रू घेतलीस?”

“मार की,” वस्ताद म्हणाले. “पर आधी सांग, तुला उठवलं कुणी?”

उगारलेला हात तसाच राहिला.

“तू औषध मागाय आला हुतास. रोज चमचाभर, वयाला झेपंल तेवढं. आरं, पैलवान असा व्यायाम करत न्हाई. त्याची कुणाशी तरी जोड ठरती, कुस्तीचा दिवस ठरतो, आन् मग त्याचं खाणं, झोप, घाम सगळं त्या एका कुस्तीसाठी असतं. पंचविशीत तुझी जोड माणसाशी हुती. आता जमिनीशी हाय. ती तुला पुन्हा पाडणार, आन् त्या दिवशी मी असणार न्हाई, ही पोरं बी असणार न्हाईत. वय झालं म्हणून तयारी सोडायची नसती. कुस्ती बदलायची असती.”

मग ते मुलांकडे वळले. आवाज चढला नाही, पण शब्द फटकन लागले. “बापाचा मान राखला म्हणता. ताकद काढून घेतली तुम्ही त्याची.”

थोरला मुलगा सवयीने वडिलांच्या बगलेकडे हात नेऊ लागला आणि मध्येच थांबला. व्यापाऱ्याचा राग अजून गेला नव्हता. ऊर धपापत होता, कान तापलेले होते. पण कुणीही न धरता आपण उभे आहोत, हे एव्हाना त्याला उमगले होते. त्याने उगारलेला हात खाली घेतला.

“डाव्या अंगावर पाडलंत म्हणून उठलो,” तो वस्तादांना म्हणाला. “आता उजव्या अंगावर पाडा. तिकडनं मला अजून जमत न्हाई.”

मुलगे मागे सरकले आणि हौद्याच्या कडेला जाऊन बसले.